मुक्ताला, मिलानला निघण्याआधी

रत्नागिरी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. मिलान, शिवाय कोमो, माज्जोरे, गार्दा ही तिन्ही सरोवरं, सगळं चार दिवसांत! बाळा, निम्मी खोडून टाक. मी आणि बाबांनी एका दिवसात दोन सरोवरं गाठली होती. काठावर निवांत बसून पाणी बघायचं राहून गेलं, ते मला अजून लागतं.

लिओनार्दोने मठाच्या भोजनशाळेच्या भिंतीवर काढलेल्या 'शेवटच्या भोजना'चं तिकीट मात्र आजच काढ, ती फार आधी संपतात. आत जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्या भोजनशाळेचं छत कोसळलं, पण वाळूच्या पोत्यांनी झाकलेली चित्राची भिंत उभी राहिली. तेवढा वेळ फोन पिशवीतच असू दे.

दुओमोत, म्हणजे मिलानच्या मोठ्या चर्चमध्ये, जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी जवळ ठेव. आणि ऊन कलतं तेव्हा त्याच्या छतावर जा. तिथल्या संगमरवराला फिकट गुलाबी झाक आहे. तो माज्जोरे सरोवराच्या वरच्या अंगाला असलेल्या कांदोल्याच्या खाणीतला. बांधकाम सुरू झालं १३८६ साली, आणि हा दगड शतकानुशतकं पाण्यावरून आला: तोचे नदीतून सरोवरात, पुढे तिचिनो नदी, मग नाविल्यो ग्रांदे हा कालवा. या होड्यांना जकात माफ होती. एवढं मोठं देऊळ सरोवरावरून तरंगत शहरात आलं, हे कळल्यापासून मला शहर आणि सरोवर वेगळे वाटेनातच. म्हणून एक संध्याकाळ नाविल्योच्या काठावर घालव.

सरोवर एकच कर, कोमो. मिलानो चेंत्राले या मोठ्या स्टेशनातून लेक्कोच्या बाजूची गाडी तासाभरात काठावरच्या वारेन्ना गावी पोचते. डावीकडची खिडकी धर. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घे, नाहीतर दंड होतो. वारेन्नाहून लाँचने पाव तासात पलीकडचं बेल्लाज्यो गाव. गर्दी तिकडेच असते, त्यामुळे मुक्काम वारेन्नाला बरा.

पहाटे तिथे उत्तरेकडून तिवानो वारा वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा. आपले मतलई आणि खारे वारेच जणू! आणि मिसोल्तीनी जरूर खा. सरोवरातले अगोनी मासे मीठ लावून उन्हात वाळवतात, मग तमालपत्रासारख्या पानांचे थर देऊन दाबून ठेवतात. भाजून पोलेंताबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीबरोबर, वाढतात. सुक्या माशांवर वाढलेल्या तुला ते आवडणारच.

धक्क्यावर उतरलीस की आधी परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ बघ. थंडीत फेऱ्या कमी असतात.

आणि हो, दुओमोच्या छतावरच्या दगडाचा अगदी जवळून एक फोटो काढ, गुलाबी झाक दिसेल असा. बाबा तेव्हा गुडघ्यांमुळे खालीच थांबले होते.

तुझी,
आई