फोटोखाली नुसतंच 'पत्नीसह'?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत नॉलीवूडवर, म्हणजे नायजेरियाच्या सिनेसृष्टीवर, अख्खं पान होतं, आवडलं, पण त्यातल्या एका फोटोवरून डोकं जरा फिरलं म्हणून लिहितोय. फोटोत दोघं शेजारी शेजारी बसलेत आणि खाली छापलंय 'ज्येष्ठ अभिनेते ओलू जेकब्स, पत्नीसह'. अहो, ती पत्नी म्हणजे स्वतः मोठी अभिनेत्री असलेली जोके सिल्वा! (इंग्रजी स्पेलिंग बघून 'जोक' वाचू नका, जोके म्हणायचं.) नायजेरियात हे नाव सांगितल्यावर 'कोण?' विचारणारा माणूस सापडायचा नाही, आणि आपण नावसुद्धा छापत नाही.

बाईंचा जन्म १९६१ चा, नायजेरियातल्या लागोस शहरातला. आई डॉक्टर, वडील वकील, आणि अशा घरातली मुलगी लंडनला गेली ती नाटक शिकायला, वेबर डग्लस अकॅडमीत, शिवाय लागोस युनिव्हर्सिटीतून इंग्रजीची डिग्रीपण घेतली.

आता पुढचं कळायला तिथली परिस्थिती माहीत पाहिजे, जी तुमच्या लेखात दोन ओळीत उरकलीय. लागोसच्या ग्लोव्हर मेमोरियल हॉलमध्ये ह्युबर्ट ओगुंदेंनी १९४४ ला आपलं पहिलं नाटक केलं आणि त्यानंतर तिथल्या योरुबा भाषेतल्या नाटक कंपन्या गाडीत सामान भरून गावोगाव फिरायला लागल्या, म्हणजे रंगभूमी चांगली जोरात होती. पण १९८६ नंतर नायरा, म्हणजे तिथलं चलन, असा काही घसरला की बाहेरून फिल्मचे रोल मागवणं परवडेना, त्यात रात्रीचं घराबाहेर पडायची लोकांना भीती, थिएटरं ओस पडली. मग १९९२ ला 'लिव्हिंग इन बाँडेज' हा पिक्चर थेट व्हिडिओ कॅसेटवर आला, धो धो खपला, लोक घरीच व्हीसीआरवर पिक्चर बघायला लागले आणि स्टेजवरची बरीच मंडळी तिकडे वळली, बाईसुद्धा. कॅसेटचा धंदा कसा, तर थोड्या दिवसांत अख्खा पिक्चर शूट करून मोकळे, तालीम वगैरे कोण करतंय!

त्या धबडग्यातसुद्धा बाईंनी काम कसं केलं ते बघा. १९९९ च्या एका ब्रिटिश सिनेमात कॉलिन फर्थबरोबर होत्या, आफ्रिका मूव्ही अकॅडमीचं बेस्ट अॅक्ट्रेस अवॉर्ड २००६ ला आणि सहाय्यक भूमिकेचं २००८ ला. मी त्यांना पहिल्यांदा 'फोन स्वॅप'मध्ये पाहिलं, दोन अनोळखी माणसांचे मोबाईल अदलाबदल होतात आणि मग सगळा गोंधळ, तो पिक्चर. बाकीचे धावपळ करतायत आणि या बाई आवाज न चढवता सीन खिशात घालतात, मी तेवढाच तुकडा मागे घेऊन तीनदा पाहिला. असं बोलणं स्टेजवर घासल्याशिवाय येत नाही.

आणि नेमकं हेच पुढच्या पोरांना मिळावं म्हणून नवराबायकोने मिळून लुफोडो ग्रुप काढला. त्यात पिक्चरची निर्मिती आणि वितरण आहेच, पण मला विचाराल तर खरी गोष्ट आहे लुफोडो अकॅडमी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स, जिथे शिकवायचं काय आणि कसं हे बाई बघतात. क्वारा स्टेट युनिव्हर्सिटीबरोबरच्या मलेते फिल्म व्हिलेजच्या पहिल्या मॅनेजिंग डायरेक्टरही त्याच. गंमत म्हणजे त्या जिथे शिकल्या ती वेबर डग्लस २००६ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, नाव पुसलं गेलं, आणि तिथली विद्यार्थिनी इकडे लागोसला नट घडवतेय.

२०१४ ला सरकारने एमएफआर (मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द फेडरल रिपब्लिक) हा राष्ट्रीय सन्मान दिला, तोही २९ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर वाढदिवसाच्या दिवशी.

तुमच्या पानावर मात्र तोच तो आकडा, २००६ ला ८७२ पिक्चर, अमेरिकेपेक्षा जास्त. युनेस्कोचा आकडा आहे, चूक नाही, पण पिक्चर मोजत बसलात आणि त्यात काम करणाऱ्यांना शिकवतं कोण हे राहिलंच की.

दुरुस्ती छापणार असाल तर कोपऱ्यात दोन ओळी पुरे. फक्त आधी 'जोके सिल्वा' छापा, आणि जागा उरलीच तर पुढे 'पती ओलू जेकब्स यांच्यासह' टाका.

तुमचा,
दर रविवारी पुरवणी आधी उघडणारा एक वाचक