सोलर बसवण्याआधी एवढं बघा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, कोटेशन वाचलं. ५ किलोवॅटचं सोलर, १० युनिटची बॅटरी आणि ‘रात्रीची महाग वीज वाचेल’ असं आश्वासन. माझं मत असं: सोलर जरूर बसवा, पण ३ किलोवॅटचं. बॅटरी निम्मी घ्या, आणि तीसुद्धा पैसे वाचवायला नव्हे, पावसात लाईट जाते म्हणून.

१ किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटला महिन्याला ३५० च्या आसपास. तुम्हा दोघांना ते पुरून उरतील. जून ते ऑगस्ट उत्पादन बरंच घटतं, पण एप्रिल-मेची शिल्लक नेट मीटरवर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) पुढे ओढली जाते. ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि उरलेल्या युनिटना किरकोळ दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर घेण्यात अर्थ नाही. सूर्यघर योजनेचं अनुदानही २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ ला ७८,००० रुपये. त्यापुढे वाढत नाही.

आता बॅटरी. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतली वीज स्वस्त पडते. हा फरक युनिटमागे एक रुपया धरला, तरी रोज ५ युनिट साठवून रात्री वापरल्यावर वाचणार ५ रुपये, वर्षाला १,८२५. त्यातही साठवताना थोडी वीज वाया जातेच. बॅटरीची किंमत यातून कधी वसूल व्हायची? त्यापेक्षा आई, तू पंप, वॉशिंग मशीन आणि घरघंटी अकरा ते तीनमध्ये उरकून घे, एकामागून एक. इलेक्ट्रिक स्कूटरही तेव्हाच चार्जिंगला लावा. बाजारातून आल्यावर अर्धा तास ती सावलीत थंड होऊ द्या, मग प्लग लावा. विजा कडाडत असतील तर प्लग काढूनच ठेवा.

साधं सोलर लाईट गेल्यावर भर उन्हातही बंद पडतं, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. म्हणून हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, म्हणजे लाईट गेल्यावरही बॅटरीवर चालणारा, सोबत ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी. तिच्यातून साडेचार युनिट हाती लागतात: फ्रिज, तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दिवे आणि वायफाय रात्रभर आरामात. पंप त्या लाईनवर नको. सुरू होताना तो कित्येक पट करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

पॅनेल कौलांवर चढवू नका, मागच्या स्लॅबवर घ्या; सुमारे ३०० चौरस फूट लागेल. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते १८ अंश. डिसेंबरात सूर्य खाली असतो, तेव्हा सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता माडाची सावली कुठे पडते ते स्लॅबवर खडूने आखा. एका झावळीची सावलीही पूर्ण ओळीची वीज पाडू शकते. आणि माडाखाली तर नकोच, नारळ पडला की काच गेली. खाऱ्या वाऱ्यासाठी बोल्ट एसएस ३१६ चे (सहज न गंजणाऱ्या स्टीलचे) मागा, पॅनेलला आयईसी ६१७०१ चं, म्हणजे खाऱ्या हवेच्या चाचणीचं, प्रमाणपत्र मागा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आपल्या किनाऱ्यावर काय केलं ते लक्षात ठेवून सांगाड्याचं अँकरिंग स्वतः उभं राहून बघा. इन्व्हर्टरच्या वायरीची भोकं ग्लँडने (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बुजवायला लावा, नाहीतर पाल आत शिरून शॉर्ट करते.

सगळ्यात जास्त काळजी अर्थिंगची. आपला जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि करंट जमिनीत नीट उतरत नाही. पावसाळ्यात अर्थिंगचा रोध मोजला तर आकडा चांगला येतो आणि फसगत होते. मे महिन्यात मोजा. ५ ओहमच्या आत हवा. डीसी (पॅनेलची बाजू), एसी (घराची बाजू) आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारी सळई) यांचे खड्डे वेगवेगळे, त्यांत केमिकल अर्थिंग (ओल धरून ठेवणारं मिश्रण), आणि डीसी-एसी दोन्ही बाजूंना एसपीडी, म्हणजे अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण. यात एक रुपयाही वाचवू नका.

राहिला कागदांचा प्रश्न. बिलावर अजून आजोबांचं नाव आहे आणि अनुदान बिलावरच्या ग्राहकाच्याच खात्यात येतं. आधी नावबदलाचा अर्ज टाका, मंजूर झाला की फोन करा. पोर्टलवरचा फॉर्म मी भरते. पॅनेल डीसीआरचे (भारतात बनलेल्या सेलचे, अनुदानाला लागतात तसे) आहेत हे कोटेशनवर लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

तुमची लेक