बाबांनी तपासावा असा लेख

दांडिया बाजार, वडोदरा

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

तुम्ही पुण्याला दादाकडे गेल्यापासून फोन रोज होतो, पण मी हाती घेतलेले काम फोनवर नीट सांगता येण्याजोगे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. नोकरीत प्रोग्रामिंगचे जे काही शिकते, ते मराठीत लेखरूपाने लिहून सर्वांना वाचायला खुले ठेवायचे मी ठरवले आहे आणि त्यासाठी मुद्दाम अगदी साधी साधने निवडली आहेत.

लेख मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, मार्कडाउन पद्धतीने लिहिते. ही पद्धत जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मांडली. ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह दिले की तिचा मथळा होतो, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका दिल्या की तो ठळक होतो. बाकी मजकूर लिहिला तसाच राहतो. ह्यूगो नावाचे मोफत सॉफ्टवेअर त्या फायलींची इंटरनेटवर ठेवण्याजोगी पाने तयार करते. सांभाळायला डेटाबेस नाही, आणि उद्या ह्यूगो बंद पडले तरी माझी मूळ फाइल कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येईल.

आई, याचे मोल तुला वेगळे सांगायला नको. भजनी मंडळासाठी तू टाइप करवून घेतलेली पदे जुन्या फाँटमध्ये होती आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर त्यांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटली. माझा पहिला लेख त्यावरच आहे. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या सामाईक यादीत, मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीने हे क्रमांक साठवताना अशा प्रत्येक चिन्हाला ३ बाइट (संगणकातील साठवणीची एकके) लागतात. त्यामुळे ‘आई’ ६ बाइटांत मावते आणि ‘बाबा’ला १२ लागतात, कारण तेथे काना स्वतंत्र मोजला जातो. प्रोग्रामरने नावाच्या रकान्याची मर्यादा इंग्रजीचा, एका अक्षराला एक बाइट असा, हिशेब धरून बाइटांत ठेवली, तर लांब मराठी नाव अक्षराच्या मध्येच तुटू शकते. इंग्रजीत ही माहिती विपुल आहे. परंतु नुकत्याच शिकू लागलेल्या आपल्या मुलांना ती आपल्याच नावांच्या उदाहरणांनी मिळाली, तर ती लवकर पटेल आणि पक्की बसेल, असे मला मनापासून वाटते.

बाबा, ज्या कलाभवनात तुम्ही इतकी वर्षे मशीन ड्रॉइंग शिकवलेत, ते सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केले तेव्हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला होता. बडोद्यात राहून हे काम करताना त्याची आठवण वारंवार येते.

आता तुमच्याकडे मागणे. लेखाची मोठ्या टायपातली छापील प्रत सोबत पाठवत आहे. आई, तू ऱ्हस्व-दीर्घ पाहा. बाबा, तुम्ही ड्रॉइंग शीटवर करत होता तशाच लाल पेन्सिलीने, जेथे अडेल तेथे खूण करा. संगणक येत नाही म्हणून हात आखडू नका, कारण संगणक न जाणणाऱ्या माणसाला लेख कळतो की नाही, हेच मला पाहायचे आहे. दादाला पानांचे फोटो काढून पाठवायला सांगा.

लेखातील प्रत्येक बदल मी गिटमध्ये नोंदवते. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या कामासाठी तयार केलेले हे साधन जुनी ओळ वजाच्या आणि नवी ओळ अधिकच्या चिन्हाने एकाखाली एक दाखवते, आणि बदल कोणाचा व तो नोंदवला कोणी, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवते. तुमच्या दुरुस्त्या टाइप मी करीन, परंतु नोंदीत त्या तुमच्या दोघांच्याच नावे राहतील.

तुमची
धाकटी