आबांना वाचून दाखव

बर्मिंगहॅम
३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर आहे, सर्दी गेली. एवढं पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. आबांच्या डोळ्यात अजून थेंब चालू असतील, तेव्हा त्यांना तूच मोठ्यानं वाचून दाखव.

आधी कचऱ्याचं. टीव्हीवर पाहिलेले ढीग खरे आहेत. ११ मार्चपासून कचरा कामगार पूर्ण संपावर आहेत, कारण महापालिकेनं त्यांच्यातला एक हुद्दाच काढून टाकला आणि त्यात काही जणांचा पगार घटतो. महापालिका २०२३ सालीच दिवाळखोरीची नोटीस काढून बसलेली. मार्चअखेरीस रस्त्यावर १७ हजार टन कचरा होता, मान्य. माझ्या दारात नव्हता. म्हणजे होता, पण थोडा. उंदीर मी एकच पाहिला, तोही लांबून. आबा इथं असते तर संपाच्याच बाजूनं बोलले असते. माझंही मत तेच आहे, फक्त दारात पिशवी फुटलेली असली की मत टिकवायला जड जातं.

आता ५ जुलैचा शनिवार. फोन लागत नव्हता, कारण त्या दिवशी मी व्हिला पार्कमध्ये, आपल्या ॲस्टन व्हिलाच्या फुटबॉल मैदानात होतो. मॅचला नव्हे, मॅचचा सीझन संपला होता. आपण कसे संपलो ते तुला पाठ आहे: एप्रिलात चॅम्पियन्स लीगमध्ये पॅरिसवाल्यांना घरच्या मैदानावर ३-२ हरवूनही दोन सामने मिळून ५-४ नं बाहेर, आणि शेवटच्या सामन्यात पंचानं शिट्टी घाईनं वाजवल्यामुळे आपला गोल बाद. त्यावर पुन्हा बोलत नाही. बोललो तर पत्र संपणार नाही.

पण इथली एक गंमत सांगितलीच पाहिजे. फुटबॉल बघताना, मैदान डोळ्यांना दिसत असेल तिथं, बिअर प्यायची नाही. १९८५ चा कायदाच आहे, तेव्हा दंगे फार व्हायचे. मग मध्यंतरात हजारो माणसं स्टँडच्या पोटातल्या बोळात उतरतात, पंधरा मिनिटांत ग्लास नरड्याखाली ओततात, काही जण तर भिंतीकडे तोंड करून, आणि पळत वर येतात. वर नुसत्या हातात ग्लास दिसला तरी गार्ड अडवतो. रग्बीला हा नियम नाही. गाण्याच्या कार्यक्रमाला नाही. म्हणजे तेच मैदान, तशीच खुर्ची, त्याच माणसाच्या हातात त्या शनिवारी बिअर चालते, कारण गवतावर बावीस जण पळत नाहीत! कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार तालमींच्या मॅचला असा कायदा लावला असता तर काय झालं असतं, आबांना विचार. (मी घेतली नाही. एक घोट, चवीपुरता.)

कार्यक्रम ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा होता, शेवटचा. चौघंही इथलेच, ॲस्टन भागातले. मूळचे चौघं एकत्र वाजवायला २००५ नंतर पहिल्यांदाच उभे राहिले. म्हणजे सगळेच उभे नव्हते, गायक ऑझी ऑस्बॉर्नला पार्किन्सन्स, तो काळ्या सिंहासनावर बसून गायला. उठायचा प्रयत्न करायचा, खांदे पुढं यायचे, आणि पुन्हा मागं टेकायचा. जमलेला पैसा पार्किन्सन्सच्या कामाला आणि मुलांच्या दवाखान्याला गेला.

आबा, हे तुमच्यासाठी. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची ती हीच बोटं. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि तारा सैल लावल्या. तुम्ही ज्याला ‘पत्र्यावर घण’ म्हणता तो आवाज असा आलाय. शिरोलीला प्रेसवर तुमची करंगळी गेली तेव्हा तुम्ही तिसऱ्या दिवशी कामावर होता, हे मला त्या गर्दीत आठवत होतं.

आणि आदल्या दिवशीच तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. दादा होता, वहिनी होत्या, डॉक्टर ओळखीचे, हे सगळं मी स्वतःला सांगून गेलो होतो. ऑझीनं मध्येच एक जुनं गाणं काढलं, ‘मामा, आय ॲम कमिंग होम’. ते त्याच्या बायकोसाठीचं म्हणतात, पण नाव ऐकून तू काय समजायचं ते समजशील. शेजारचा दाढीवाला धिप्पाड बाबा ढसाढसा रडत होता. मी चष्मा पुसत होतो.

२२ जुलैला ऑझी गेला. ३० तारखेला ब्रॉड स्ट्रीटवरून त्याची अंत्ययात्रा निघाली, पुढं ब्रास बँड त्याचीच गाणी वाजवत. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन रस्त्याकडेला उभा राहिलो. आजी गेली तेव्हा मला तिकीट मिळालं नव्हतं. मिळालं असतं, आई. महाग होतं.

आता तू विचारणारच ते. इचलकरंजीच्या स्थळाला अजून हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. इथं कायम राहायच्या परवानगीला आत्ता पाच वर्षं लागतात, ती दहा करायचा सरकारचा विचार आहे. मुलीला आधी हे स्पष्ट सांगायला हवं. फोन मी करतो, तिच्या वडिलांना नको, तिलाच.

गच्चीचं काम दिवाळीनंतर सुरू करू, तोवर दादाला ताडपत्री ओढायला सांग. पैसे ऑगस्टमध्ये पूर्ण पाठवतो. जुलैत कमी आले, त्याचं कारण ५ तारखेच्या मजकुरात आहे. आबांना वाचून दाखवताना ही शेवटची ओळ गाळ.

तुझा,
बाळू