मुस्काउच्या छोट्या गाडीवाल्यांना, माथेरानच्या मुलखातून

जर्मनीतल्या वाइसवासर–मुस्काउ जंगल रेल्वेच्या इंजिन शेडमधल्या मंडळींना,

स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. तरी उघडपणे लिहितोय, कारण तुमचे आभार मानायचे तर तुमचं काम बघायला निघालेल्या माणसाच्या हाती काहीतरी पडलं पाहिजे.

पहिले आभार ॲक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसाचे. तुमच्या 600 मिलिमीटर गेजवर (दोन रुळांमधलं अंतर) पहिल्या महायुद्धातली लष्करी 'ब्रिगेड' इंजिनं अजून जिवंत आहेत. चार ॲक्सल, आठही चाकं दांड्यांनी एकत्र बांधलेली. असलं इंजिन खरं तर तीव्र वळणावर अडकायचं. ते वळतं, कारण पहिला आणि चौथा ॲक्सल क्लीन-लिंडनर पद्धतीचा आहे: चौकटीत जागच्या जागी फिरणारा भरीव ॲक्सल, त्याच्याभोवती पोकळ नळी, चाकं त्या नळीला, आणि दोहोंच्या मधोमध एक गोल सांधा. दांड्यांचा जोर भरीव ॲक्सलवर येतो, सांध्यातून नळीला मिळतो, आणि नळी वळणाबरोबर जराशी तिरकी होते. दुखणंही तिथलंच. सांधा आत दडलेला. तेल पोचवणं कठीण, झीज बाहेरून दिसत नाही. नेरळ–माथेरानसाठी बर्लिनच्या ऑरेन्श्टाइन उंड कोप्पेलने बांधलेली पहिली वाफेची इंजिनं तीन ॲक्सलची, पण सांधा हाच! 1907 साली घाट चढलेली ती युक्ती आता माथेरानच्या वळणांवर दिसत नाही. तुम्ही ती तेल घालून चालती ठेवलीत.

तुमची गाडी मुळात मुस्काउला का आली, हे रुळांखालच्या जमिनीत आहे. एल्स्टर हिमयुगातल्या बर्फाने इथले थर ढकलून घड्या घातल्या आणि घोड्याच्या नालेसारखी टेकडी उभी राहिली. तिचा काही भाग आज पोलंडमध्ये आहे, आणि 2015 पासून ती सगळी टेकडी युनेस्कोचा जिओपार्क (भूशास्त्रीय वारसा म्हणून जपलेला भाग) आहे. आडवा असणारा लिग्नाइट कोळसा उभा होऊन वर आला. वरच्या टोकाला हवा लागून तो झिजला, जमीन खचली आणि लांबट, दलदलीच्या घळी तयार झाल्या. त्यांना तिकडे 'गीझर' म्हणतात. न्हाणीघरातल्या गीझरशी संबंध नाही. कोळशाबरोबर काचेची वाळू, विटांची माती आणि तुरटी मिळाली. हा माल वाहायला आर्निम सरदारांनी 1895 साली ही रेल्वे टाकली.

त्याच उंचसखल जमिनीवर पुक्लर या सरदाराने 1815 पासून उद्यान उभारलं. नाइसे नदीतून एक प्रवाह खोदून वाड्यापाशी आणला, झाडांचे पुंजके दूरवरची दृश्यं धरून लावले, वाट विनाकारण कुठे वळू दिली नाही. कर्जापायी 1845 साली सगळं विकावं लागलं. 1945 नंतर नदी सीमा झाली आणि उद्यानाचा मोठा भाग पोलंडमध्ये गेला. 2004 साली दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरल्या.

आता जाणाऱ्यांसाठी. बर्लिनहून कॉटबुस, तिथे गाडी बदलून वाइसवासर. बाड मुस्काउला मोठी रेल्वे नाही. जंगल रेल्वे नाहीतर बस. छोट्या गाडीचं स्थानकही वेगळं, मुख्य स्थानकापासून चालत जायचं, तेव्हा पाच मिनिटांची जोडगाडी धरू नका. गाड्या मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवारी. वाफेचं इंजिन ठरावीक दिवशीच, एरवी डिझेल. वेळापत्रकात तेवढं नीट पाहा, नाहीतर हिरमोड ठरलेला. मुख्य फाटे दोन, एक मुस्काउचा, दुसरा क्रोमलाउ गावच्या उद्यानाचा. एकावरून दुसऱ्यावर जायला वाइसवासरला परतावं लागतं, म्हणून एका दिवसात दोन्ही कोंबण्यापेक्षा एक निवडा. आमचं मत मुस्काउला. मे महिना मात्र क्रोमलाउचा, ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांसाठी. तिथल्या अर्धगोल राकोट्झ पुलावर चढायला बंदी आहे. पूल आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब मिळून होणारं पूर्ण वर्तुळ वारा पडलेला असतानाच दिसतं, म्हणून सकाळी लवकर जावं.

मुस्काउला उद्यानात तिकीट नाही, वाड्यातल्या प्रदर्शनाला आहे. पायी निम्मंही होत नाही, सायकल भाड्याने घ्या. नदीवरच्या जोडपुलावरून पोलंडमध्ये जाता येतं. पासपोर्ट आणि व्हिसा किंवा रहिवासी कार्ड खिशात असू द्या, कारण शेंगेन (एरवी आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट) असूनही तपासणी होऊ शकते. रविवारी जर्मन दुकानं बंद असतात, पाणी आणि डबा आदल्या दिवशीच घ्या.

उघड्या डब्यात इंजिनाजवळ बसणाऱ्यांनी पांढरा सदरा घालू नये. कोळशाचे कण डोळ्यात जातात, आणि ते फुकट मिळतात. त्याबद्दलही आभार.

आपले,
छोट्या गेजचे काही मराठी चाहते