रोलकेजच्या नळ्यांची जाडी सर्टिफिकेटपेक्षा कमी निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
भोसरी, पुणे

महोदय,

आम्ही सांगलीतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी. बाहा एसएईइंडिया या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी एका चालकाची एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर धावणारी गाडी, बांधत आहोत. संघाचा कर्णधार मी आणि गाडी चालवणाराही मीच. तिच्या रोलकेजसाठी, म्हणजे चालकाभोवतीच्या संरक्षक सांगाड्यासाठी, ऑगस्टमध्ये आपल्याकडून ४१३० क्रोमोली पोलादाच्या सहा मीटर लांबीच्या सात नळ्या घेतल्या. बाहेरचा व्यास २९.२ मिमी, भिंतीची जाडी १.६५ मिमी. आपल्या टेस्ट सर्टिफिकेटवरही हेच आकडे आहेत. प्रत्यक्षात सातपैकी चार नळ्यांची जाडी १.४६ मिमी भरली, आणि त्या चारींवर हीट नंबरच (पोलाद कोणत्या वितळीतलं ते सांगणारा क्रमांक) नाही.

हे आमच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. नळ्या आल्या त्या दिवशी वरच्या दोनच मोजल्या, सातही मोजायला हव्या होत्या. टेक्निकल इन्स्पेक्शनसाठी वेल्डिंगचे नमुने दाखवावे लागतात. त्यासाठी उरलेला तुकडा उभा कापला, तेव्हा भिंत डोळ्यांनाच पातळ दिसली. मायक्रोमीटर लावला. तोवर मागचा रोल हूप, म्हणजे चालकाच्या पाठीमागची कमान, वाकवून, टिग वेल्डिंग करून उभा होता. हा हूप आणि वरच्या आडव्या नळ्या याच मालाच्या आहेत.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी सांगितलं, "एवढा फरक टॉलरन्समध्ये येतो, मुलांच्या गाडीला पुरेल." दहा टक्के टॉलरन्स (चालणारी तफावत) धरलं तरी १.४८५ च्या खाली जाता येत नाही. शिवाय स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत जाडी १.५७ पेक्षा कमी चालतच नाही, आणि नळीचा वाकण्याला होणारा विरोध २५.४ मिमी व्यास, ३ मिमी जाडीच्या नळीइतका तरी लागतो. आम्ही गणित केलं. १.६५ ची नळी या अटीत जेमतेम बसते, एक टक्काही वर उरत नाही. १.४६ ची नळी जवळजवळ नऊ टक्के कमी पडते. ही गाडी पिथमपूरला चार तासांच्या एंड्युरन्स शर्यतीत दगडधोंड्यांतून, उड्या घेत धावायची आहे. उलटली तर माझं डोकं आणि जमीन यांच्यामध्ये हीच नळी असणार. माझ्या आईने संमतिपत्रावर सही केली ती या केजच्या भरवशावर.

आमचं म्हणणं असं आहे: चारही नळ्या दहा दिवसांत बदलून द्याव्यात, या वेळी प्रत्येक नळीवर हीट नंबर असावा आणि तो सर्टिफिकेटशी जुळावा. बेंडिंग, आर्गॉन, फिलर आणि वाया गेलेल्या वेल्डिंगचे १८,४०० रुपये परत मिळावेत. बिलं जोडली आहेत. ही रक्कम पोरांनी मेसच्या पैशांतून वाचवलेली आहे.

आणखी एक मागणी आहे आणि तीत आम्ही तडजोड करणार नाही. या लॉटमधला माल आणखी कोणकोणत्या संघांना गेला, ते आपल्या बिलबुकात नोंदलेलं असेल. त्या सगळ्यांना आजच फोन करा. स्पर्धेला अवधी आहे, पण बहुतेकांच्या केज आता वेल्ड होत असतील. त्यांनी आमच्यासारख्या वरच्या दोनच नळ्या मोजल्या असतील, तर त्यांना अजून काहीच माहीत नसेल.

कापलेला तुकडा जपून ठेवला आहे. आपला माणूस पाठवा, त्याच्यासमोर मोजून दाखवू.

आपला,
कर्णधार, एटीव्ही संघ

सोबत: बिलाची प्रत, टेस्ट सर्टिफिकेट, मोजमापांचे फोटो