ठकीला घाईने न दिल्याबद्दल

प्रिय ताई,

आपली ठकी कुत्री तिच्या नव्या घरी गेली त्याला परवा तीन महिने झाले. तेव्हा नीट आभार मानायचे राहून गेले, कारण खरं सांगायचं तर मी तुमच्यावर चिडलेलो होतो.

तुम्ही सापडलेल्या कुत्र्यांना घरं मिळवून देता म्हणून केलेला माझा पहिला फोन आठवतोय? “एक कुत्री सापडलीय, रविवारपर्यंत चांगलं घर बघून द्यायचीय,” असं मी म्हणालो आणि तुम्ही हसलात. तो रविवार अकरा आठवड्यांनी उजाडला.

मी तोवर जाहिरात टाकूनही मोकळा झालो होतो. बरगड्या दिसणारा फोटो, खाली ‘बिचारीचा जीव वाचवा, मोफत द्यायची आहे’. तुम्ही ती आधी काढायला लावलीत. कीव आली की माणूस फोन लगेच करतो, पण पंधरा दिवसांत कीव ओसरते आणि कुत्रं तिथेच असतं, असं तुमचं म्हणणं. शिवाय ‘मोफत’ हा शब्द वाचून पिल्लं काढून विकणारेही येतात आणि जन्मभर साखळीला बांधायला राखण्या शोधणारेही. तुमच्या जाहिरातीत काय होतं? ‘वय अंदाजे आठ महिने. घरात घाण करत नाही. एकटी राहिली की पहिली वीस मिनिटं रडते. चप्पल चावते.’ अशी वाचून कोण येणार, म्हणून मी कुरकुरलो. आले थोडेच, पण जे आले ते चप्पल उचलून ठेवायच्या तयारीने आले.

दोन आठवडे तिला इतर जनावरांपासून वेगळं ठेवायला सांगितलंत. पार्वोची, म्हणजे कुत्र्यांच्या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराची, लागण झाली तरी लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. वरून धडधाकट दिसणारं पिल्लू नव्या घरी जाऊन तिथल्या कुत्र्यालाही आजारी पाडू शकतं, हे मला कुठे ठाऊक होतं! पार्वो नव्हता, पण रक्ततपासणीत गोचीडताप निघाला आणि डॉक्टरांनी २८ दिवसांच्या गोळ्या दिल्या. मग जंताचं औषध, लसीचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची लस आणि शेवटी नसबंदी. “नव्या घरचे नसबंदी नंतर करतील ना,” असं मी सुचवून पाहिलं. तुमचं उत्तर पाठ आहे: “गाभण राहिल्यापासून कुत्रीला विण्यापर्यंत साधारण त्रेसष्ट दिवस लागतात. लोकांचं ‘नंतर’ त्याहून लांब असतं.”

येणाऱ्यांचं तुम्ही जे करायचात त्याला मी मनात उलटतपासणी म्हणायचो. दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेलात तर कोण बघेल, घरमालकाची परवानगी लेखी आहे का. माझ्याच एका मित्राला तुम्ही नाही म्हणालात, कारण त्याला मुलीच्या वाढदिवसाला अचानक भेट द्यायची होती. दुसऱ्या एका गृहस्थांचं सगळं जुळत होतं. तुम्ही शेवटी सहज विचारलंत, “तुमचं आधीचं कुत्रं कशाने गेलं?” एक गाडीखाली आलं, एक पळून गेलं, एक देऊन टाकलं, तिन्ही चार वर्षांत. तुम्ही गोड बोलून त्यांना निरोप दिलात. मी मात्र सुन्न झालो होतो.

आणि मग ते घर, जिथून ठकी चौथ्या दिवशी परत आली. घरातल्या आजींना तिची भीती वाटत होती आणि पाहुण्यांसमोर त्या भिडेपोटी ‘हो’ म्हणाल्या होत्या. मी त्या लोकांवर तोंडसुख घ्यायला लागलो, तर तुम्ही मलाच बाहेर काढलंत. “परत आणल्यावर ओरडा खाल्ला, तर पुढच्या वेळी परत आणणार नाहीत, लांब कुठेतरी सोडून येतील. आजींना बाजूला घेऊन मीच विचारायला हवं होतं.” करारात ‘नको झाल्यास फक्त आमच्याकडेच परत’ हे कलम तुम्ही इतकं ठळक का छापता, ते त्या दिवशी कळलं.

त्या रात्री मी म्हणालो, मीच ठेवतो हिला. तुम्ही काही न बोलता फॉर्म माझ्यापुढे सरकवलात. मी भरला. रोज बारा तास घराबाहेर, महिन्यातले आठ दिवस प्रवास, तेव्हा सांभाळायला कुणी नाही. माझ्याच हाताने नापास झालो. राग आला तो याचा, ताई.

शेवटी जे घर मिळालं तिथे एक नऊ वर्षांचा शांत कुत्रा आधीच होता. त्या दोघांची भेट तुम्ही घरात न घालता बाहेर, मोकळ्या रस्त्यावर, अंतर ठेवून शेजारी-शेजारी चालवत घातलीत. ठकीच्या गळ्यात पट्टा, अंगात हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि दोन्हींना वेगवेगळी दोरी, कारण नव्या जागी बिथरलेलं कुत्रं पट्ट्यातून मान सोडवून पळतं. तिच्या कातडीखालच्या मायक्रोचिपच्या नोंदीतलं नाव तुम्ही तिथेच बसून बदलून घेतलंत. चिपमध्ये नुसता पंधरा आकडी नंबर असतो. नोंदीत माझाच फोन राहिला असता तर सापडलेली ठकी माझ्याकडे आली असती. (मनात आलं, राहू दे की.)

तीन दिवस ती टेबलाखालून बाहेर आली नाही. तीन आठवड्यांनी दार वाजलं की भुंकायला लागली. परवाच्या फोटोत पोट वर करून सोफ्यावर पसरलीय, शेजारी अर्धी चप्पल.

तिची जुनी दोरी माझ्याकडे आहे, ती परत देतो. शनिवारच्या गृहभेटीला सोबत माणूस हवंय म्हणालात, तर मी येतो. बाल्कनीची जाळी, फाटकाखालची फट, सगळं बघतो, आजी असतील तर त्यांच्याशी बसून बोलतो. आधीच्या कुत्र्याचं मात्र तुम्हीच विचारा, मला ते अजून जमत नाही.

तुमचा,
ठकीचा तात्पुरता माणूस